गाडीतील वीज, घरातील दिवा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज अकस्मात गेली. लोकलगाड्या वाटेतच थांबल्या आणि शहराच्या बहुतेक भागांतील व्यवहार ठप्प झाले. काही तासांनी वीज आली खरी. परंतु अशा प्रसंगासाठी आपण थोडी वीज साठवून का ठेवू नये, हा प्रश्न मागे उरला.

मुलांनो, हा साठा आज आपल्या रस्त्यांवरून धावत आहे. विजेवर चालणाऱ्या एखाद्या लहान मोटारीच्या बॅटरीत सुमारे ३० युनिट वीज मावते. बॅटरीतील प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तर घरातील प्रवाह सतत दिशा बदलतो. म्हणून मध्ये परिवर्तक यंत्र बसवावे लागते. जपानात २०११ च्या भूकंपानंतर विजेची टंचाई झाली. पुढील वर्षीच मोटारीतून घराला वीज देणारे यंत्र तेथे विक्रीस आले.

कोणी म्हणेल, "गिरगाव-लालबागच्या चाळीत घरोघरी मोटार कोठून आणावी?" आक्षेप रास्त आहे. पण जरा हिशेब करून पाहा. चाळीत ४० खोल्या आहेत असे समजा. प्रत्येक खोलीत १० वॅटचा एक दिवा आणि ७५ वॅटचा एक पंखा पाच तास चालला, तरी साऱ्या चाळीस १७ युनिट वीज पुरते. म्हणजे घरोघरी मोटार नको. चाळीस एक पुरे! गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. जेथे उत्सव सर्वांचा, तेथे विजेचा साठाही सर्वांचा का नसावा?

अर्थात काही पथ्ये पाळावीच लागतील. वारंवार वापराने बॅटरी झिजते. म्हणून मोटारीच्या मालकास योग्य मोबदला मिळाला पाहिजे. तसेच बाहेरची जोडणी आधी तोडली नाही, तर गाडीतील वीज रस्त्यावरील तारांत शिरून दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतेल. हे काम जाणकारांकडूनच करून घेतले पाहिजे.

'बेस्ट' मुंबई शहरास वीज पुरवते आणि विजेच्या बसगाड्याही चालवते. चाळींसाठी अशी सोय उभारण्यास तिनेच पुढाकार घ्यावा, असे मला वाटते. पुन्हा कधी अंधार झाला, तर जिन्यावरून उतरणाऱ्या आजीबाईंना आणि अभ्यासाला बसलेल्या मुलांना प्रकाश मिळालाच पाहिजे, मग त्यांच्या घरी मोटार असो वा नसो.