पडद्यावरील घड्याळे : पाहण्याची की करण्याची?

घड्याळाने वेळ सांगावी, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा असते. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर अशी काही घड्याळे अवतरली आहेत, की ती पाहताना किती वाजले हेच विसरायला व्हावे. कुठे काटे आहेत पण आकडे नाहीत; कुठे दोन्ही नाहीत, नुसता पडद्याचा रंग दर सेकंदाला बदलत राहतो. "वा, छान!" म्हणून आपण पुढे जातो. माझे म्हणणे असे, की ही घड्याळे नुसती पाहून सोडून देण्याची नाहीत. ती वही-पेन्सिल जवळ घेऊन पाहावीत, आणि मग तसे एखादे स्वतः करावे.

एक उदाहरण घेऊ. मार्क फोरमानेक या कलावंताने 2007 साली बर्लिनमध्ये लाकडी फळ्यांचे 4 मीटर उंच आणि 12 मीटर रुंद असे घड्याळ उभारले. त्यातील आकडे इलेक्ट्रॉनिक घड्याळात असतात तसेच. पण ते बदलणारी मात्र हाडामांसाची माणसे! 70 कामगार शिड्या लावून दर मिनिटाला फळ्या काढत होते आणि बसवत होते. हे काम 24 तास चालले, आणि त्याचे चित्रण पडद्यावर घड्याळासारखे लावता येते.

आता वही उघडा. 24 तासांत किती आकडे बदलावे लागले असतील? मिनिटांचा एककाचा आकडा दर मिनिटाला बदलतो, म्हणजे 1,440 वेळा. दशकाचा दर दहा मिनिटांनी, म्हणजे 144 वेळा. तासांचा एककाचा आकडा 24 वेळा आणि दशकाचा फक्त 3 वेळा. बेरीज झाली 1,611. चारही आकडे एकदम बदलण्याची वेळ दिवसातून तीनदाच येते : दहा वाजता, वीस वाजता आणि मध्यरात्री. हे कळल्यावर तेच चित्रण पुन्हा पाहा. 09:59 झाले, की कामगारांबरोबर तुमचीही धावपळ सुरू होईल. गणिताने मजा कमी झाली की वाढली, हे तुम्हीच ठरवा.

दुसरे उदाहरण रंगाच्या घड्याळाचे. संगणकावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने बनतो. प्रत्येकाची तीव्रता बहुधा 0 ते 255 या आकड्यांनी सांगतात. म्हणून एकूण 1,67,77,216 रंग मिळतात. रंगाच्या घड्याळात तासांचे दोन अंक तांबड्यासाठी, मिनिटांचे हिरव्यासाठी आणि सेकंदांचे निळ्यासाठी वापरतात. मात्र ते अंक षोडशमान पद्धतीने वाचले जातात. म्हणजे डावीकडील अंकाला दहाने नव्हे, सोळाने गुणायचे.

आता गंमत पाहा. तासांची सर्वांत मोठी संख्या 23. तिची किंमत झाली 2×16+3, म्हणजे 35. मिनिटे आणि सेकंद 59 पर्यंत जातात. त्यांची किंमत 89. मर्यादा तर 255 ची! म्हणजे हे घड्याळ दिवसभर अंधारातच राहणार. ठीक बारा वाजता तांबडा फक्त 18, हिरवा शून्य, निळा शून्य. बाहेर ऊन रणरणत असताना पडद्यावर जवळजवळ काळोख! सर्वांत उजळ रंग येतो 23:59:59 ला, आणि पुढच्याच सेकंदाला सगळे काळे. त्यात आणखी एक अडचण आहे. एका सेकंदाने पडणारा रंगातला फरक डोळ्याला कळतच नाही. म्हणूनच अशा घड्याळांवर बहुधा आकडेही लिहिलेले असतात. ते झाकले, तर घड्याळ सुंदर राहते, पण वेळ सांगत नाही.

"हे सारे करमणुकीचे झाले, यात भौतिकशास्त्र कुठे आहे?" असे कोणी विचारील. माझ्या मते ते इथेच आहे. तापमापी उष्णतामान पाऱ्याच्या लांबीने दाखवते, अ‍ॅमीटर विद्युतप्रवाह काट्याच्या कोनाने दाखवतो. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त ज्यावर पाहत, ते घटिकापात्र 24 मिनिटांचा काळ वाटीत शिरणाऱ्या पाण्याने दाखवत असे. एक राशी दुसरीच्या रूपाने दाखवणे, हेच प्रत्येक मापनयंत्राचे काम. आलेख तरी दुसरे काय करतो? महाविद्यालयात आमच्याकडे येणारी कितीतरी मुले आलेख बिनचूक काढतात. पण कोणती राशी कोणत्या अक्षावर घ्यावी आणि का, असे विचारले की गप्प होतात. कारण ती निवड त्यांनी स्वतः कधी केलेलीच नसते. ज्याने एकदा स्वतःचे घड्याळ रचले, त्याला ही निवड अंगवळणी पडेल.

चित्रकला एका तासाला आणि विज्ञान दुसऱ्या तासाला, ही विभागणी वेळापत्रकाच्या सोयीची आहे. निसर्गाने ती केलेली नाही. संगणकावर बारा तऱ्हांची घड्याळे रचणारे जॉन माएदा आधी अभियांत्रिकी शिकले आणि मग कलेकडे वळले. त्यांच्या कामात दोन्ही विद्या हातात हात घालून चालतात.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक विनंती. वर्षातून एक तास विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. अभ्यासक्रम मोठा आहे, सगळीकडे पुरेसे संगणक नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण या कामाला कागद आणि रंगखडू पुरतात.

मित्रहो, तुमच्या मनातले घड्याळ कागदावर काढा : सात वाजता ते कसे दिसेल, सव्वासातला कसे, साडेसातला कसे. मग त्याला तीन प्रश्न विचारा. त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो का? दोन निराळ्या वेळांना एकच चित्र येत नाही ना? (भिंतीवरचे नेहमीचे घड्याळ या परीक्षेत नापास होते, सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा त्याला सारखेच!) आणि तिसरा प्रश्न : नियम एकदा सांगितल्यावर शेजारच्या मित्राला वेळ वाचता येते का? रंग वापरलेत, तर हेही ध्यानात ठेवा, की काहींना तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत.

रंगाच्या घड्याळाचा काळोख घालवण्याचे काम मी तुमच्याकडेच सोपवतो. तासांना 11 ने आणि मिनिटांना व सेकंदांना 4 ने गुणले तर काय होईल? दुपारी बारा वाजता कोणता रंग येईल? आधी कागदावर मांडा आणि मगच पडदा उघडा.