खवय्याचा रुपया पेठेत पोचावा

हिवाळ्याची चाहूल लागली की पुण्याहून नगर रस्त्याने आणि सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या मोटारींची गर्दी दर रविवारी वाढू लागते. कुणाला मोराच्या चिंचोलीच्या शिवारात आगटीवर भाजलेला हुरडा हवा असतो, कुणाला मासवडी आणि झणझणीत रस्सा, तर कुणाला चुलीवरची बाजरीची भाकरी आणि ठेचा. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके ह्या खाद्ययात्रेच्या ऐन वाटेवर आहेत. शिरूर, न्हावरे, चौफुला असा रस्ता दोहोंना जोडीत असल्यामुळे एका दिवसात दोन्हीकडची चव घेऊन घरी परतणे सहज शक्य झाले आहे.

जिभेचे चोचले म्हणून ह्या प्रवासाकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. शहरातला पैसा कोणत्याही सक्तीशिवाय, अनुदानाशिवाय आणि योजनेशिवाय ग्रामीण भागाकडे वाहू लागावा, असे प्रसंग आपल्या अर्थव्यवस्थेत फार थोडे. त्यामुळे खवय्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न एवढाच की त्याचा रुपया नेमका कुणाच्या हाती पडतो? ज्या पेठांच्या नावावर हे पदार्थ खपतात, त्या पेठांत त्यातला किती पोचतो?

एखाद्या गावची चव म्हणजे तिथल्या सुगरणींचा हातगुण, अशी आपली समजूत असते. हातगुण असतोच; परंतु त्याच्या पाठीशी बाजार उभा असतो. मासवडीचेच उदाहरण घ्या. बाहेरचे आवरण हरभऱ्याच्या पिठाचे, आतल्या सारणात तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण. हरभरा काळ्या रानातला, तीळ हलक्या जमिनीवरचा, कांदा-लसूण विहिरीच्या पाण्यावरचा. आणि खोबरे? ते किनारपट्टीचे. पावसाच्या छायेतल्या, नारळाचे झाडही विरळा अशा ह्या टापूत खोबऱ्यावाचून कालवण होत नाही, याचा अर्थच हा की पिढ्यान्‌पिढ्या येथे दूरदूरचा व्यापारी माल उतरत होता. मासवडीचे ताट म्हणजे ह्या प्रदेशाच्या व्यापाराची खतावणीच होय.

छावणीची पेठ, जंक्शनची पेठ

शिरूरला जुने लोक आजही घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली पलटण येथूनच पुण्याकडे निघाली होती. पुढे पूना हॉर्स ह्या घोडदळाचे ठाणेही येथे होते. छावणी म्हणजे रोज धान्य, दाणावैरण, मीठमसाला मागणारे हजारो हात. अशी बांधील मागणी असली की पेठ वाढते. हुलगा हे ह्या कोरडवाहू मुलखाचे धान्य. घोड्यांच्या चंदीला तोच चाले आणि माणसांच्या शेंगोळ्यांनाही तोच. १८०९ साली येथे मरण पावलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला आसपासचे शेतकरी सत्पुरुषाचे स्थान मानून सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य नेत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्या सरदारालाही आपल्या धान्याचा घास देणारी ही भूमी आहे.

दौंडची कहाणी निराळी. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोचला तो शिरूरला बाजूस ठेवून, दौंडवरून. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि नगरच्या मालाला शिरूरच्या रस्त्याखेरीज दुसरी वाट मिळाली. दौंड हे जंक्शन झाले. रेल्वेच्या नोकरीनिमित्त नाना प्रांतांची कुटुंबे येथे वसली आणि त्यांच्या चुलीही येथेच पेटल्या. इंजिन बदलण्यासाठी वा फिरविण्यासाठी गाडी येथे बराच वेळ उभी राही, आणि त्या अवधीवर फलाटावरच्या कितीतरी विक्रेत्यांचा संसार चाले. अलीकडे कॉर्ड मार्ग झाल्याने मनमाडकडच्या काही गाड्यांना इंजिन फिरवावे लागत नाही. उतारूंचा वेळ वाचला; पण वेळ वाचतो तेव्हा कुणाचा तरी व्यापारही आटतो.

आज तीच गोष्ट रस्त्यावर घडत आहे. शिरूरला वळणरस्ता झाला, मोटारी पेठेत न शिरता भरधाव जाऊ लागल्या. हॉटेले महामार्गाच्या कडेला आली. तेथील फलकावर ‘गावरान’ हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. परंतु त्या स्वयंपाकघरातला बाजरीचा दाणा, डाळ, तेल आणि मसाला जवळच्या आठवडे बाजारातून येतो की शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून, हे विचारण्याची तसदी कुणी घेत नाही. पुण्याहून शिरूरला येऊन पुण्याच्याच पिठाची भाकरी खाण्याचा हा व्यवहार असेल, तर त्यात प्रवास ग्राहकाचा झाला, पैशाचा झाला नाही.

१८७५ चा धडा

हा प्रश्न ह्याच दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारण्यास आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचा भाव चढला आणि युद्ध संपताच कोसळला. त्यात शेतसारा वाढलेला. शेतकरी कर्जात रुतला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर देशमुखांच्या घरावर टाच आणली आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी, तेव्हा भीमथडी तालुक्यात आणि आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी, भर बाजारच्या दिवशी, दंगा पेटला. लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या ह्या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला.

दंगा बाजारच्या दिवशी व्हावा हा योगायोग नव्हे. शेतकरी जे पिकवितो त्याचे मोल त्याला कळते ते बाजारात, आणि आपण नागवले जात आहोत हेही त्याला कळते ते तेथेच. दीडशे वर्षांपूर्वी शेत आणि बाजार यांच्या मध्ये सावकार उभा होता. आज खवय्याची जीभ आणि शेत यांच्या मध्ये कोण उभे आहे, एवढेच पाहावयाचे आहे. हॉटेलमालक हा काही सावकार नव्हे. तो भांडवल गुंतवतो, रोजगार देतो, जोखीम पत्करतो. त्याचा नफा नाकारण्याचा प्रश्न नाही. थाळीच्या किमतीत दाणा पिकविणाऱ्याचे किती, चुलीपुढे दिवसभर भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे किती आणि जागेचे व फलकाचे किती, हा हिशेब ग्राहकाने मनाशी मांडावा, एवढेच म्हणणे आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर कुणी म्हणेल, बाजरी-हुलग्याचे हे कौतुक पोट भरलेल्या शहरवासीयांचे आहे. आक्षेप खरा आहे. हुलग्याचे माडगे ही अनेक घरांची आवड नव्हती, नाइलाज होता. कालव्याचे पाणी ज्याच्या रानात आले त्याने ऊस लावला, यात त्याचा दोष काढणे ढोंगीपणाचे ठरेल. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. पण भाषणांनी पेरा वाढत नसतो, भावाने वाढतो. खवय्यास बाजरीची भाकरी खरोखरच हवी असेल तर ती पेरणे परवडेल इतके मोल बाजरीच्या पोत्यास मिळाले पाहिजे. केवळ थाळीस मिळून भागणार नाही. हुरड्याच्या बाबतीत हे थोडेफार घडलेले दिसते. ज्वारीचे कणीस हुरड्यात आल्यावर शेतावरच विकले गेले तर दाण्याच्या भावापेक्षा अधिक पदरी पडते, हे शेतकऱ्याने ओळखले आहे. तेथे जीभ आणि शेत समोरासमोर येतात, म्हणून तो व्यवहार दोघांनाही लाभतो.

याच्या उलट स्थिती गुळाची. दौंड तालुक्यातील केडगाव, यवत, राहू ह्या पट्ट्यात गुऱ्हाळे पुष्कळ. काहिलीतून उतरलेला गरम गूळ चाखणे हे खाद्ययात्रेचे मोठेच आकर्षण. परंतु गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो; मग रंग उजळण्यासाठी रसायने घालण्याचे, साखर मिसळण्याचे प्रकार घडतात आणि अन्न व औषध प्रशासनास छापे घालावे लागतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, ज्या मालाचा गुण ग्राहकास ओळखता येत नाही त्या मालाच्या बाजारात वाईट माल चांगल्या मालास हुसकावून लावतो. आपल्याकडील तांदळात मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या खड्यांचे उदाहरणही त्या निबंधात आहे. गडद रंगाचा सचोटीचा गूळ करणारा आज ह्याच न्यायाने मार खातो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भीमथडीच्या गुळाला निदान ढेपेवर गुऱ्हाळाचे नाव आणि नियमित तपासणीची मोहोर मिळणे अवघड का असावे?

करण्याजोगे

उपाय खर्चिक नाहीत. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती आठवडे बाजाराकडून कर घेतात. त्या बदल्यात ओटे, सावली, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह ह्या चार गोष्टी पुरवणे हे त्यांचे प्राथमिक कर्तव्य आहे. पहाटे भाजी घेऊन आलेली बाई सायंकाळपर्यंत कशी बसत असेल, याचा विचार करणाऱ्या गावालाच पाहुणे बोलावण्याचा अधिकार पोचतो. बाजारातच एक शेड बचतगटांच्या स्त्रियांना बाजारच्या दिवशी चुलीसाठी द्यावी, आणि पीठ-डाळ त्याच बाजारातून घेण्याची अट असावी. म्हणजे खवय्या महामार्ग सोडून पेठेत येईल, आणि आला की चार जिन्नस घेऊनही जाईल.

ह्या गावांना एवढे संघटन जमेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी आषाढी वारीच्या दिवसांत यवतला जावे. तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी तेथे वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण मिळते. मोठाल्या कढयांत पिठले शिजते आणि घरोघरच्या भाकऱ्यांच्या चळती येऊन पडतात. एका सायंकाळी हजारोंची पंगत उठविणारे हे गाव त्यासाठी कुणा ठेकेदाराकडे पाहत नाही. तेथे पैशाचा संबंध नाही, आणि नसावाच. परंतु जे कौशल्य श्रद्धेपोटी वर्षातून एकदा प्रकट होते, ते रोजीरोटीसाठी आठवड्यातून एकदा का होऊ नये?

पुण्यात भीमथडीच्या नावाने दर डिसेंबरात जत्रा भरते आणि तेथे ग्रामीण स्त्रियांच्या हातचे पदार्थ हातोहात खपतात. तो उपक्रम स्तुत्य आहे. मागणी किती आहे हे त्याने सिद्ध केले आहे. आता पुढचे पाऊल म्हणजे ग्राहकाने भीमथडीत जाणे. तो गेला आणि महामार्गावरूनच परतला, तर शिरूर-दौंडच्या पेठा फलकांवरची नावे म्हणून तेवढ्या उरतील. तो बाजारच्या दिवशी गेला, पसरलेल्या गोणपाटासमोर वाकून बाजरीचा दाणा त्याने हातात घेतला आणि भाव विचारला, तर त्या दाण्याचा पेरा पुढल्या वर्षीही होईल. चव टिकवायची असेल तर आधी बाजार टिकला पाहिजे.