एकट्याने निघावे, काम करीत जावे



धम्म स्वीकारलेल्या आपल्या कुटुंबांत प्रवास होत नाही असे कोणी म्हणणार नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. खेड्यापाड्यांतून माणसे भाकरी बांधून, मुलाबाळांसह निघतात. याखेरीज दुसरा प्रवास पोटासाठी घडतो. काम असेल तिकडे जावे, काम संपले की परतावे, असा तो प्रवास आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. परंतु हे दोन्ही प्रवास मेळ्याचे किंवा निकडीचे आहेत. कोणी बोलावले नसता, काही जाणून घ्यावयाचे आणि काही करावयाचे असे मनाशी ठरवून एकट्या माणसाने घराबाहेर पडणे हा तिसरा प्रवास होय, आणि तो आपल्यात फार थोडा आहे. मेळा धीर देतो, हे खरे. पण मेळ्यात आपल्या वतीने दुसरा कोणीतरी बोलत असतो.

भगवान बुद्धांनी पहिल्या वर्षावासानंतर साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी पाठविले, त्या वेळी घातलेली एक अट मोठी मार्मिक आहे. दोघांनी एका वाटेने जावयाचे नाही, प्रत्येकाने वेगळी वाट धरावयाची, असे त्यांनी सांगितले. महावग्गात ही हकीकत आहे. साठजण साठ वाटांनी गेले तर अधिक गावे पायाखाली येतात, हे एक कारण उघड आहे. आम्हांस दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. जोडीदार नसला की प्रश्नाचे उत्तर स्वतःलाच द्यावे लागते. मग जे समजले नाही ते समजून घेतल्यावाचून गत्यंतर नसते.

आता कोणी म्हणेल, भिक्खूंची गोष्ट निराळी, आम्ही संसारी माणसे. शिवाय आमच्या समाजाला रस्ता कधी मोकळा होता? हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपला भाऊ व भाचे यांच्याबरोबर वडिलांना भेटावयास कोरेगावकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरले. मुले नीटनेटक्या पोशाखात होती म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला, आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावयाचे, असा सौदा ठरला. जवळ शिदोरी असूनही पाणी मिळाले नाही आणि ती रात्र उपाशी गेली. बाबासाहेबांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या माणसाने पहिल्याच मोठ्या प्रवासात हे भोगले, त्याच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या मसुद्यातून देशाची घटना आली. तिच्या एकोणिसाव्या कलमात भारतभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य लिहिलेले आहे, आणि पंधराव्या कलमात दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, रस्ता यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही असे म्हटले आहे. तेव्हा एकट्याने गाडीत बसून अनोळखी गावी उतरणे ही आपल्यापुरती तरी हौसेची गोष्ट नव्हे. वापरला नाही तर हक्क कागदावर पडून राहतो.

आपल्या वऱ्हाड-नागपुराकडच्या लोकांना एकट्या प्रवाशाचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे, परीट समाजात १८७६ साली जन्मलेले. १९०५ साली घर सोडले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांचा देह पडला. अर्धशतकाहून अधिक काळ हा माणूस चालत होता. अंगावर चिंध्या, सोबत फुटके गाडगे, हातात खराटा. गावात शिरताच रस्ते व गटारे झाडावयास लागायचे. दिवसा गावातील घाण काढायची आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या डोक्यातील. कीर्तनही कसे, तर समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढणारे. कर्ज, दारू, बोकडाचा बळी, शिवाशीव यांवर ते आघात करीत. पाया पडू देत नसत. ताट मोडावे, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मूल शाळेत घालावे, असा त्यांचा उपदेश होता. स्वतःस अक्षरओळख नव्हती.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती आलीच पाहिजे. खराटा! तोच तर आमच्या माथी मारला होता. गाव झाडणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे सोडून देण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी मार खाल्ला. तो खराटा पुन्हा उचलावयाचा काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. गाडगेबाबांनी खराटा स्वेच्छेने घेतला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आणि जातीचे काम म्हणून तर नव्हेच. जो खराटा जन्मामुळे हाती येतो तो बेडी असतो. बाबांच्या खराट्याने गावाला स्वतःची लाज वाटावयास लावली. त्यांच्यापासून घ्यावयाची ती पद्धत: गावात शिरल्याबरोबर जे चुकलेले दिसते ते, कोणाच्या परवानगीची वाट न पाहता, दुरुस्त करावयास लागणे. आपल्या हातातील आजचे हत्यार निराळे आहे. ते म्हणजे अर्ज.

हिंगणी हे सेलू तालुक्यातील गाव. बोर धरणाकडे व बोरच्या जंगलाकडे जाणारा रस्ता येथून जातो. २०१४ साली बोर हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हापासून वाघ पाहण्यासाठी दुरून माणसे येतात, जीपमध्ये बसतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा प्रश्न त्या छायाचित्रांत येत नाही. रानडुकरांनी रातोरात शेत उधळले तर पंचनामा कोणाकडे मागावयाचा, त्याची मुदत किती, भरपाईचा अर्ज कोठे द्यावयाचा, हे ज्याला ठाऊक आहे तो मनुष्य गावाच्या फार उपयोगाचा. हे ज्ञान घरबसल्या येत नाही. कोणीतरी एकाने सेलूच्या तहसील कचेरीत, वन खात्याच्या कचेरीत, वर्ध्याला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन, रांगेत उभे राहून, ते आणावे लागते. आम्ही प्रवास म्हणतो तो हाच. त्याची लांबी मैलांत मोजू नका.

माहितीचा अधिकार २००५ साली आला. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्कही नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही. कारकुनाने विचारले तरी सांगू नये. वस्तीसाठी आलेला निधी कोठे खर्च झाला, या एकाच प्रश्नाने कित्येक रस्ते होतील. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरविणे बंधनकारक आहे. तेथे आपली माणसे मागे उभी राहतात आणि लवकर निघून जातात, ही आमची जुनी तक्रार आहे.

गाडगेबाबांच्याच वर्षी, १८७६ साली, गोव्यातील साखवाळ येथे दुसरा एक प्रवासी जन्मला. धर्मानंद कोसंबी. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच. ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि बुद्धाचा धम्म मुळातून शिकावयाचा असा ध्यास घेतला. १८९९ साली ते एकटे निघाले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात गेले, तर तेथे त्यांना हवा तो धम्म दिसेना. तेथून गया, कलकत्ता आणि शेवटी सिंहलद्वीप. कोलंबोस सुमंगलाचार्यांपाशी १९०२ साली त्यांना पाली शिकावयास मिळाली. पुढे ब्रह्मदेश झाला, अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमग्गाचे काम झाले, मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार काढला. मराठीत पालीचा पाया घालणारा हा पुरुष ४ जून १९४७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, दिवंगत झाला. हिंगणीहून सेवाग्राम एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. तेथे जाणाऱ्यांपैकी कितीजणांना कोसंबींचे नाव ठाऊक असेल? आपल्या घरातील मुलाने किंवा मुलीने एकदा एकट्याने तेथे जाऊन यावे, आणि त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मिळवून वाचावे.

पण कोसंबींच्या कथेत एक गोष्ट बोचते, ती सांगितली पाहिजे. ते निघाले तेव्हा घरी पत्नी होती आणि नुकतीच जन्मलेली मुलगी होती. गाडगेबाबांच्याही मागे संसार होता. थोर पुरुषांच्या प्रवासाची वर्णने पुष्कळ होतात. ज्या स्त्रियांनी मागे चूल पेटती ठेवली त्यांची होत नाहीत. गृहस्थाने घर टाकून जावे असा आमचा मुळीच आग्रह नाही. उलट, घरातील ज्या व्यक्तीने आजवर एकटीने प्रवास केलेला नाही तिला आधी पाठवावे, असे आम्ही म्हणतो. ती व्यक्ती बहुधा स्त्री असते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे झाले आहे, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला आहे. पैशाची अडचण हलकी झाली; राहिली ती ‘लोक काय म्हणतील’ ही अडचण. मुलगी अभ्यासिकेसाठी, परीक्षेसाठी, दाखल्यासाठी एकटी नागपूरला जाते म्हटल्यावर ज्या बापाच्या कपाळावर आठी पडते, त्याने बाविसांपैकी कोणती प्रतिज्ञा घेताना आपले लक्ष दुसरीकडे होते हे एकदा तपासावे. स्त्री-पुरुष समतेवाचून सर्व माणसे समान मानण्याच्या प्रतिज्ञेला अर्थ उरत नाही.

वाटेत अपमान होईल, हेही सांगून ठेवतो. आडनाव विचारतील, गाव विचारून वस्ती विचारतील. सोपाऱ्याच्या दासीपुत्र पूर्णाची कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. सुनापरांतातील लोक शिव्या देतील, मारतील, तर काय करशील, असे भगवंतांनी त्याला विचारले, आणि तो प्रत्येक वेळी शांत राहिला. त्या कथेचा अर्थ मुकाट सोसणे असा कोणी लावू नये. पूर्ण परत फिरला नाही, हा तिचा गाभा आहे. त्याच्या काळी कायदा नव्हता. आपल्याकडे १९५५ चा नागरी हक्कांचा कायदा आहे आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मन शांत ठेवावे, तारीख-वेळ आणि साक्षीदार टिपून घ्यावेत, आणि लेखी तक्रार द्यावी.

सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाची वेचणी जोर धरण्याआधी घरात चार दिवस सवड मिळते. त्या चार दिवसांत घरातील एकाने एकट्याने एक फेरी करावी. बरोबर पिण्याचे पाणी, वही, आणि ज्या कामासाठी जावयाचे त्याच्या अर्जाच्या दोन प्रती घ्याव्यात. एक प्रत कचेरीत द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोचशिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.