ठेका, फळी आणि नाशवंत बिअर

मद्यविक्रीवर लिहिणे शासकीय नोकराला शोभत नाही, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जी वस्तू राज्याच्या परवान्याशिवाय विकताच येत नाही, ती दुकानात कशी ठेवली जाते हा प्रशासनाचाच प्रश्न आहे.

जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. येथील एका दुकानात क्राफ्ट बिअरच्या बाटल्या व्हिस्कीशेजारी, ऊन येणाऱ्या फळीवर मांडलेल्या दिसल्या. फ्रीज मात्र कडक बिअरने भरलेला. दुकानदाराच्या लेखी सगळ्या बाटल्या सारख्याच. व्हिस्की फळीवर वर्षानुवर्षे टिकते. बिअर हा नाशवंत माल आहे. त्यातही पाश्चरीकरण न केलेली बिअर अधिकच नाजूक. उष्णतेने हॉपचा सुगंध विरतो व ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. प्रकाशाने हॉपमधील कडू द्रव्ये विघटित होऊन उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा नाही. (थंड बाटली एकदा गरम झाली की बिअर संपली, हा समज अतिरंजित आहे, ती किती दिवस किती उष्णतेत राहिली, हे महत्त्वाचे.)

दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. मध्य प्रदेशात ठेका १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा. नूतनीकरणाची तरतूद असली, तरी पुढच्या वर्षी दुकान आपल्याकडेच राहील याची शाश्वती नाही. ठेक्याची भलीमोठी रक्कम तर वसूल करायचीच आहे. अशा माणसाने मंद खपाच्या मालासाठी शीतगृह कशाला बांधावे? आबकारी खातेही सील, होलोग्राम व शुल्क तपासते. तापमानाशी महसुलाचा संबंध नाही. मद्यार्कयुक्त पेयांचे अन्न सुरक्षा विनियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, पण त्यांचा भर बाटलीतील द्रव्यावर आणि लेबलावर आहे.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे मांडले, ते येथे तंतोतंत लागू पडते. चांगली आणि बिघडलेली बाटली बाहेरून ओळखू येत नाही. दुप्पट पैसे मोजून शिळी बिअर प्यालेला ग्राहक दुकानाला नव्हे, उत्पादकाला नावे ठेवतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. उष्णतेने सुगंध जातो, मद्यार्क जात नाही. साहजिकच जिचे आकर्षण केवळ मद्यार्क आहे, अशी कडक बिअरच या फळीवर तग धरते. सौम्य आणि चवदार बिअर मागे पडते, ती लोकांना आवडत नाही म्हणून नव्हे!

राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ येथे हटकून पुढे केला जातो: राज्याने दारूबंदीसाठी झटायचे, की बिअर थंड ठेवायची? त्याच अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. विक्री चालू ठेवून ग्राहकाला अधिक कडक पेयाकडे ढकलणारी व्यवस्था यांपैकी कोणता हेतू साधते?

परवान्याच्या अटींत दोन ओळी वाढवाव्यात. पाश्चरीकरण न केलेली बिअर फ्रीजबाहेर ठेवू नये, आणि बाटलीभरणीची तारीख ग्राहकाला दिसेल अशी मांडणी असावी. फ्रीज नसेल त्याने हा माल उचलूच नये. शासकीय भांडागारालाही हीच अट हवी. नाहीतर दुकानात येण्याआधीच माल उतरलेला असेल. ठेका तीन वर्षांचा केल्यास फ्रीजचा खर्च भरून निघण्यास अवधी मिळेल, मात्र दरवर्षी बोली वाढवून घेण्याची सवय वित्त विभागाला मोडावी लागेल.