एकटीचा पिक्चर, मामाचं भिंग

गॅदरिंगच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेचे नियम तुम्ही नोटीस बोर्डवर वाचलेच असतील. ग्रुपमध्ये किमान पाच जण हवेत, आणि स्क्रिप्ट आठ दिवस आधी जमा करायची. नियम चांगल्या हेतूनंच केले असणार, त्याबद्दल वाद नाही. पण त्यामुळे एक अख्खा प्रकारचा सिनेमा दाराबाहेर राहतो: एकट्यानं, स्क्रिप्टशिवाय, हाताशी असेल त्या जुन्या लेन्सवर केलेला सिनेमा. त्याची बाजू मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच!

"एकट्यानं कुठं पिक्चर होते काय बे?" हा आपल्या मेसमधला ठरलेला प्रश्न. उत्तर आहे, होतो. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यासमोर एक कुंडी ठेवली, तिच्यात वाटाणे पेरले आणि महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्यानं टिपली. ना हीरो, ना हिरॉइन, ना युनिट! ही 'अंकुराची वाढ' दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. तिकडे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः तयार केला; त्यांचा 'सैरंध्री' १९२० चा. मेकॅनिकलवाल्यांनो, लेथ आपल्या वर्कशॉपमध्येही आहे बरं का!

आता लेन्सकडे येते. कॉन्व्हेंटमध्ये मी 'लेन्स' शिकले. आजोबा मात्र 'भिंग' म्हणायचे, आणि मला आता तोच शब्द जास्त आवडतो. माझं भिंग मामाच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतलं आहे. रशियन झेनिट कॅमेऱ्यावरचं हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ-२. कॅमेऱ्याचं शटर कधीच गेलंय, पण काच शाबूत आहे. रूममेटच्या सेकंडहँड कॅनन डीएसएलआरवर ते एका चकतीसारख्या अ‍ॅडॉप्टरनं बसतं. यामागचं गणित आपल्या कामाचं आहे. या लेन्सचा आटा ४२ मिलिमीटरचा. तिला सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं आणि कॅननमध्ये ते ४४ आहे. उरलेल्या दीड मिलिमीटरात चकती मावते. निकॉनमध्ये हेच अंतर ४६.५ असल्यामुळे साध्या चकतीनं दूरचं दृश्य फोकसमध्ये येत नाही. म्हणजे घेण्याआधी वर्नियरवाल्या डोक्यानं विचार करा, नुसता रिव्ह्यू बघून नको.

या भिंगात ऑटोफोकस नाही, मोटर नाही, काही नाही. सगळं बोटांनी फिरवायचं. पूर्ण उघडं ठेवलं आणि माणूस एक मीटरवर असला, तर चित्रात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा. डोळा फोकसमध्ये, तर कान बाहेर! त्यात एकटीनं फिल्म करायची म्हणजे जिच्यावर फोकस करायचा ती मीच, आणि करणारीही मीच. मग उपाय सापडतात. उभं राहायच्या जागी झाडू उभा करायचा, त्याच्यावर फोकस करायचा, जमिनीवर विटेच्या तुकड्यानं खूण करायची. एफ-८ ठेवून तीन मीटर लांब उभं राहिलं की तो पट्टा सुमारे ८५ सेंटिमीटर होतो. तेवढ्यात एक पाऊल मागे-पुढे चालतं. हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवायचं, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे काळे पट्टे चित्रात येत नाहीत. सेकंड सेमचं फिजिक्स मला परीक्षेनंतर इथेच पहिल्यांदा उपयोगी पडलं.

कुणी म्हणेल, फोन असताना एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. आजच्या फोनचं चित्र माझ्या हेलिओसपेक्षा स्वच्छ येतं, हे उघड आहे. उन्हासमोर धरलं की माझं भिंग धुरकटतं आणि मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात. पावसाळ्यात तर बुरशीची भीती. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावं लागतं. पण फोन कुठे बघायचं ते आपणच ठरवतो. चेहरा दिसला की तिकडे धावतो. जुन्या भिंगात तो निर्णय माझा असतो. चेहरा धूसर ठेवून हात दाखवायचे असतील, तर तसं दाखवता येतं. मला वाटतं, दिग्दर्शन म्हणजे शेवटी एवढंच.

आणि स्क्रिप्ट? स्क्रिप्ट नाही म्हणजे विचार नाही, असं नव्हे. मी तीन गोष्टी आधी ठरवते: जागा एक, वस्तू एक, वेळ दोन तास. बाकी समोर येईल तसं. आपल्या भागात खडी गंमत पाहिलेल्यांना हे नवीन नाही. ऐनवेळचं बोलणं तिथे कलाकाराची परीक्षाच असते. फ्रान्सच्या अ‍ॅन्येस वार्दा हिनं २००० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, शेतातला सरवा वेचणाऱ्यांवर फिल्म केली. छोटा डिजिटल कॅमेरा एका हातात धरून तिनं स्वतःचाच दुसरा हात टिपला. एकदा कॅमेरा बंद करायचा राहिला आणि लोंबणारं लेन्सचं झाकण नाचताना रेकॉर्ड झालं. तिनं ते फिल्ममध्ये ठेवलं! आठ दिवस आधीच्या स्क्रिप्टमध्ये हे झाकण कुठून येणार? आणि सरवा तर आपल्या धानाच्या बांधीतही वेचतात. आपल्यापैकी किती जणांनी तो टिपला?

हाच माझा खरा मुद्दा. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जायचा. स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, काम कमी होत गेलं. पितळेवर ठोके घालणारे हात अजून आहेत तोवर कुणीतरी ते टिपायला हवेत. पण पाच जणांचा ग्रुप, माइकची काठी आणि क्लॅप घेऊन एखाद्या छोट्या कारखान्यात शिरला की काम थांबतं, चहा येतो आणि कारागीर कॅमेऱ्याकडे बघून हसायला लागतात. एकटी मुलगी कोपऱ्यात बसली की दहा मिनिटांत तिला विसरतात. मग खरा ठोका ऐकू येतो.

दुसरं, आणि हे स्टाफनं जरूर वाचावं. पाच जणांचा नियम मुलींना जास्त नडतो. मुलांचा ग्रुप रात्रीसुद्धा शूटिंग करू शकतो. आम्हाला अंधार पडायच्या आत हॉस्टेलवर परत यायचं असतं, आणि पाच मुलींची प्रॅक्टिकल, मेस आणि आउटपास एका वेळी जुळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग! उरते भर दुपार. त्या उन्हात १/५० शटरला माझं भिंग एफ-१६ पर्यंत बंद केलं तरी उजेड एक स्टॉप जास्तच पडतो. चांगला प्रकाश वैनगंगेवर सकाळी आणि संध्याकाळी असतो. आम्ही त्या वेळी गेटच्या आत असतो. यावर कुणी "सुरक्षेचं काय?" असं विचारेल. सुरक्षा हवीच. म्हणूनच चोरून जाण्यापेक्षा रीतसर परवानगी मागतेय.

पाच जणांत टीमवर्क शिकायला मिळतं, हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. ती स्पर्धा तशीच राहू दे. तिच्या शेजारी एक छोटा गट सुरू करा: एक विद्यार्थी, पाच मिनिटं, शूटिंग भंडारा जिल्ह्यात. स्क्रिप्टऐवजी तयार फिल्म दोन दिवस आधी कमिटीला दाखवायची, म्हणजे आक्षेपार्ह काही असेल तर तिथेच कळेल. आणि शूटिंगसाठी महिन्यातून दोन दिवस, जागा आणि वेळ लिहून दिल्यावर, वॉर्डन मॅडमच्या सहीचा आउटपास. याला कॉलेजचा एक रुपया लागणार नाही. जुनी भिंगं तर घरोघरी कपाटात पडलेली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मामा-काकांना विचारून तर बघा. अ‍ॅडॉप्टर माझ्याकडे आहे. लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला. मागून न्या, फक्त वेळेवर परत करा!