पडलेला मनोरा

यंदा विद्यालयाच्या सहलीबरोबर मी गोव्यास गेलों होतों. एका सायंकाळीं जुन्या गोव्याच्या पूर्वेकडील टेकडीवर, अवर लेडी ऑफ द माउंट या चॅपेलसमोर, आम्ही उभे होतों. खालीं माडांची दाटी, तींतून वर आलेले उपासनामंदिरांचे मनोरे, पलीकडे मांडवी नदी, आणि सूर्य अस्तास चाललेला. मुलांनीं तत्काळ आपापले मोबाईल बाहेर काढिले.

पुढें शाळेंत छायाचित्रांचें प्रदर्शन भरलें. पहिलें पारितोषिक मिळालें तें से कॅथेड्रलच्या चित्रास. सोनेरी आकाश, आणि त्यावर दोन सारखे मनोरे! वास्तविक त्या मंदिरास आज मनोरा एकच आहे. दुसरा त्या मुलानें मोबाईलच्या करामतीनें उभा केला होता, व तसें त्यानें प्रांजळपणें सांगितलेंही होतें. तरी परीक्षकांचें मत त्याच चित्राकडे झुकलें. परीक्षकांत मीही होतों आणि मींही हात वर केला. तें मत आज मला चुकीचें वाटतें.

या मंदिराचें काम १५६२ सालीं सुरू झालें, इमारत १६१९ मध्यें पुरी झाली. तिच्या उत्तरेकडील मनोरा १७७६ सालीं कोसळला, तो पुन्हां कोणीं बांधिला नाहीं. बांधावा कोणासाठीं? रोगराईनें शहर आधींच ओस पडत चाललें होतें, आणि १८४३ मध्यें तर पणजी ही अधिकृत राजधानी झाली. जवळच सेंट ऑगस्टीनच्या मंदिराची तीच गत. १८३५ मध्यें तेथील मठ रिकामा झाला, १८४२ मध्यें छत खचलें, १९३१ मध्यें दर्शनी भिंत ढासळली. आज सुमारें ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे. एके काळच्या त्या राजधानीचा इतिहास या रिकाम्या जागांनींच सांगितला आहे. आमच्या पारितोषिकानें त्यांतील एक जागा बुजविली.

से कॅथेड्रलचें तोंड पूर्वेस आहे. त्यामुळें सायंकाळीं सूर्य त्याच्या पाठीमागें येतो, दर्शनी भाग काळवंडतो आणि केवळ आकार उरतो. मुलें याविषयीं कुरकुरत होतीं. ज्यास नक्षी हवी त्यानें सकाळीं जावें. पण पडलेल्या मनोऱ्याची उणीव संध्याकाळीं दिसते तशी एरवीं दिसत नाहीं.

कोणी पालक म्हणतील, चित्रकार मनांतलें रंगवितो तें चालतें, मग यासच दोष कां? चित्रकार आपलें चित्र कल्पनेचें म्हणूनच पुढें ठेवितो. छायाचित्र मात्र ‘मीं हें पाहिलें’ अशी साक्ष देतें. गोदेच्या पुराचें पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर चढलें, यावरून आपण नाशिककर पूर मोजतों. त्या मूर्तीच्या छायाचित्रांतील पाणी कोणी सुबकपणासाठीं खालीं उतरविलें, तर आपण त्यास शाबासकी देऊं काय?

मुलाचा यांत अपराध नाहीं; बक्षीस त्याच्याकडेच राहील. त्याचें मूळ चित्र मीं मागून घेतलें. क्षितिज किंचित् कललेलें, कोपऱ्यांत सोबत्याचें कोपर आलेलें, आणि मनोरा एकच. तें आतां वाचनालयाच्या दाराशीं लाविलें आहे. त्याखालीं ‘१७७६’ हा आंकडा त्या मुलानेंच आपल्या हातानें लिहिला आहे.