एक डोळा आणि दोन चेंडू

गेल्या दिवाळीची गोष्ट. लातूरचा भाचा सुट्टीला आमच्याकडे नांदेडला आला होता. वय १४, अंगात क्रिकेट. आमच्या कॉलनीत एक मोकळा प्लॉट आहे, तिथे पोरं सीझन बॉलने खेळतात. त्या संध्याकाळी अंपायर मीच होतो. भाचा स्टंपामागे, हातात ग्लोव्हज, डोक्याला काही नाही. स्पिनरचा चेंडू खड्ड्यात पडून उसळला आणि थेट त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

मी काय केलं? मराठवाड्यातला कुठलाही मामा जे करतो तेच. "काही होत नसतंय रे, पाणी मार!" असं म्हणून मोकळा झालो. घरी आल्यावर कुणीतरी गुलाबपाण्याचे थेंबही टाकले. रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, "मामा, धूसर दिसायलंय. खालून लाल-लाल."

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं होतं. डॉक्टर आधी माझ्यावरच चिडले. मार लागलेला डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, त्यात घरचं काहीही टाकायचं नाही, आणि थेट डॉक्टरकडे यायचं. डोळा फुटला असेल तर साधा दाबसुद्धा आतलं बाहेर आणू शकतो. मग आठवडाभर पोरगं डोक्याखाली उशा घेऊन पडून राहिलं. पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती असते म्हणे. त्या रात्री मी झोपलो नाही, एवढंच सांगतो.

रक्त विरलं. पडदाही शाबूत निघाला. पण निघताना डॉक्टर म्हणाले, याच्या डोळ्याचा दाब दरवर्षी तपासायचा, जन्मभर. अशा माराने डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट बिघडू शकते आणि काचबिंदू कधी कधी काही वर्षांनीही येतो, तोही न दुखता.

बहीण फोनवर म्हणाली, "दादा, आता ह्याला बॅटला हात लावू देणार नाही मी." तिची समजूत काढायला मी लगेच पतौडींची गोष्ट सुरू केली. आपल्याकडे डोळा आणि क्रिकेट म्हटलं की तीच आठवते ना!

गोष्ट खरीच भारी आहे. १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये होव्हला मोटार अपघात झाला आणि पतौडींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ते दिल्लीत पहिली कसोटी खेळले. मार्च १९६२ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी कप्तान झाले. एकूण ४६ कसोट्या, ६ शतकं, नाबाद २०३ ची खेळी, आणि १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये परदेशातला पहिला मालिका विजय. सगळं एका डोळ्यावर. सुरुवातीला त्यांना एकाच्या जागी दोन चेंडू दिसायचे. मग ते टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळायचे.

बहीण सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "आणि जे परत आले नाहीत, त्यांचं काय?"

मी गप्प झालो. कारण तशी नावं मलाही माहीत होती. बलजीत सिंग आठवतोय? भारतीय हॉकी संघाचा गोलरक्षक. १७ जुलै २००९, पुण्याच्या बालेवाडीत शिबिर चालू होतं. प्रतिक्षेप तेज व्हावेत म्हणून गोलरक्षकांना गोल्फच्या चेंडूने सराव देत होते. त्यातला एक चेंडू त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. पुण्यात, दिल्लीत, पुढे अमेरिकेतही उपचार झाले, पण भारतीय संघातली त्याची कारकीर्द तिथेच थांबली. हिशोब साधा आहे. हॉकीचा चेंडू सुमारे सव्वासात सेंटिमीटरचा, गोल्फचा सव्वाचार. गोलरक्षकाच्या हेल्मेटची जाळी मोठ्या चेंडूसाठी असते. आणि आपल्या डोळ्याची खोबणसुद्धा तशीच! मोठा चेंडू बऱ्याचदा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, छोटा सरळ आत जातो. मैदानावर बलजीतची काही चूक नव्हती. चूक सरावाच्या आखणीत होती.

सबा करीमचंही तसंच. मे २००० मध्ये ढाक्याला आशिया चषकात कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टीरक्षण करताना उजव्या डोळ्याला चेंडू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथेच तो एक कसोटी खेळला. ती पहिली आणि तीच शेवटची. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरला तर २०१२ मध्ये चेंडू लागलाच नाही. फिरकीवर त्रिफळा उडाला आणि बेल येऊन डाव्या डोळ्यात बसली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. संपलं.

मला आता वाटतं की पतौडींची गोष्ट आपण चुकीच्या वेळी सांगतो. ती डोळा गेल्यानंतरची गोष्ट आहे, आपण ती डोळा सांभाळायच्या आधीच सांगतो. "जिद्द असली की होतं सगळं." जिद्द बलजीतकडे कमी होती का? मेंदू एका डोळ्यावर अंतराचा अंदाज घ्यायला शिकतो, पण त्याला महिने लागतात आणि तो अंदाज दोन डोळ्यांइतका कधीच होत नाही. हे पोराला सांगायला हवं. शौर्यकथा नंतर.

आपल्या भागात डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू आणि मोतीबिंदू म्हणजे म्हातारी माणसं. डॉ. तात्याराव लहाने आपल्याच लातूर जिल्ह्यातले, त्याचा अभिमान सगळ्यांना. पण विटीदांडू, फटाके, सीझन बॉल यांनी पोरांचे डोळे जातात ते कुणी मोजत नाही. नांदेडला गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाची हॉकी स्पर्धा बघायला आपण गर्दी करतो. बाहेर गल्लीत तीच नक्कल करणाऱ्या पोरांच्या तोंडावर काय असतं? काहीच नाही. ट्यूशनला हजारो रुपये देणारा बाप हेल्मेट म्हटलं की "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो.

म्हणून माझं मत असं, की खेळ बंद करू नये, आणि "काही होत नसतंय" हे वाक्य मात्र कायमचं बंद करावं. यष्टीमागे जाळीचं हेल्मेट, स्पिनर असला तरी. ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याने तर पॉलिकार्बोनेटच्या चष्म्याशिवाय मैदानात उतरूच नये.

पतौडी २०११ मध्ये गेले, तेव्हा त्यांचा चांगला डोळा दान करण्यात आला. पन्नास वर्षं जपलेला. मला त्यांच्या शतकांपेक्षा आता हे जास्त आठवतं.

बहिणीने शेवटी परवानगी दिली, दोन अटींवर. हेल्मेट मामाने घ्यायचं आणि दरवर्षी तपासणीला मामानेच न्यायचं. हेल्मेट घेतलं. पहिली तपासणी येत्या दिवाळीत आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.